दाराला घासणारी तार : अपोलो-१ ची शेवटची उलटी गणती

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार. फ्लोरिडातल्या केप केनेडीच्या लाँच कॉम्प्लेक्स ३४ वर सॅटर्न-१बी रॉकेट उभं होतं. त्याच्या टोकाला माणसांना घेऊन जाणारं पहिलं अपोलो यान बसवलेलं होतं. उड्डाणाला २५ दिवस बाकी होते. रॉकेटमध्ये इंधनाचा थेंब नव्हता आणि स्फोटक यंत्रणा निकामी करून ठेवल्या होत्या, म्हणून त्या दिवसाची चाचणी 'बिनधोक' या वर्गात मोडत होती. संध्याकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी यानात आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी हे तिन्ही अंतराळवीर आतच मरण पावले.

ठिणगी नेमकी कुठे उडाली हे चौकशी मंडळाला शंभर टक्के खात्रीने सांगता आलं नाही. आगीने पुरावाच जाळून टाकला होता. पण सर्वाधिक संशय ज्या जागेवर होता, ती डाव्या बाजूच्या उपकरण-कप्प्यात, यानाच्या तळालगत होती. तिथून विजेच्या तारा जात होत्या आणि त्यांना लागून एक छोटं दार होतं. अपोलो-१ ची आठवण निघाली की शुद्ध प्राणवायूची आणि न उघडलेल्या झाकणाची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण आगीआधी ठिणगी होती आणि ठिणगीआधी बहुधा घर्षण होतं. हा घटनाक्रम त्या घर्षणाचा आहे.

२६ ऑगस्ट १९६६ : पाच महिने आधी

कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथल्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या कारखान्यातून हेच यान, क्रमांक ०१२, केप केनेडीला पोचलं. ते आलं तेव्हा अपुरंच होतं. ताब्यात देण्याच्या वेळी ११३ महत्त्वाचे तांत्रिक बदल करायचे राहिले होते आणि नंतर आणखी ६२३ बदलांचे आदेश निघाले.

या आकड्यांचा तारांशी थेट संबंध आहे. तांत्रिक बदल म्हणजे कुणीतरी आत शिरणार, पॅनेल उघडणार, तारांची जुडी बाजूला सारणार, नवी तार जुन्या तारांवरून ओढणार आणि पॅनेल पुन्हा बसवणार. हातात हत्यार, जागा वीतभर, वर वेळेचा तगादा. जुडी पहिल्यांदा बसवताना तिला ज्या जागी, ज्या वळणाने आणि जितक्या ढिलाईने बांधलेलं असतं, ते प्रत्येक उघडझापीत थोडं थोडं बदलत जातं.

आतली हवा आणि तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेने तर सगळ्यांचा जीव काढला होता. तिच्यातून ग्लायकॉल आणि पाण्याचं शीतक द्रावण गळत होतं. अख्खं युनिट काढून दुसरं बसवावं लागलं. या यंत्रणेच्या उपकरणांना वीज पुरवणाऱ्या तारा त्याच तळाच्या कोपऱ्यातून जात होत्या.

ती तार, जवळून

आत तांबं, त्यावर चांदीचा मुलामा, वर टेफ्लॉनचं आवरण. टेफ्लॉन सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून त्याची निवड झाली आणि त्या दृष्टीने ती योग्यच होती. पण टेफ्लॉन मऊ असतं. धातूच्या कडेवर घासलं तर ते सोलवटतं. कडेचा दाब सतत राहिला तर ते त्या दाबाखालून हळूहळू बाजूला सरकतं आणि आतलं तांबं उघडं पडत जातं.

जवळच्या छोट्या दाराची उघडझाप होत असे. दार लावताना त्याची कड तारेला टेकत होती आणि उघडताना तारेवरून सरकत होती. पोहऱ्याच्या दोराने आडाच्या दगडाला खाच पडते. इथे दगडाच्या जागी जेमतेम कागदाइतकं टेफ्लॉन होतं. त्या खाचेजवळच शीतक द्रावणाच्या नळीचा सांधा होता, आणि ते सांधे गळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांदी, ग्लायकॉल आणि वीज एकत्र आली तर जोरदार उष्णता देणारी रासायनिक क्रिया होऊ शकते, हे मात्र आगीनंतर चार महिन्यांनी, मे १९६७ मध्ये प्रयोगशाळेत लक्षात आलं.

घासणाऱ्या तारेची सगळ्यात घातक गोष्ट ही की ती अखेरपर्यंत चोख काम करते. आवरण निम्मं गेलं तरी दिवा लागतो, मीटर बरोबर आकडा दाखवतो, चाचणीच्या कागदावर बरोबरची खूण होते. वीज तपासून तिचा पत्ता लागत नाही. तिथे डोळे आणि बोटंच पोचावी लागतात.

६ जानेवारी १९६७ : तीन आठवडे आधी

यान लाँच पॅडवर नेऊन रॉकेटच्या टोकाला बसवलं गेलं. उड्डाणाची तारीख २१ फेब्रुवारी ठरलेली होती.

पुढे चौकशीत जे निष्कर्ष निघाले त्यात एक वाक्यभराची नोंद आहे. आगीच्या गदारोळात तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. उड्डाणासाठी पूर्ण सज्ज केलेल्या अपोलो यानाची कंपन-चाचणी कधी झालीच नव्हती. अख्खं यान, सगळ्या तारा, नळ्या, पॅनेल आणि झाकणं जागच्या जागी असताना हलवून कुणी पाहिलं नव्हतं. अशी चाचणी व्हायला हवी, असं मंडळाने शिफारशीत लिहिलं.

सॅटर्न-१बीची आठ इंजिनं पेटल्यावर ते यान थरथरणारच होतं. जी तार उभ्या, स्थिर यानात फक्त दाराच्या हालचालीने सोलली गेली असेल, तिचं त्या थरथरीत काय झालं असतं?

२७ जानेवारी, दुपारी १:०० : आगीला उरले ५ तास ३१ मिनिटे

तिघे अंतराळवीर यानात शिरू लागले. डाव्या आसनावर कमांडर गस ग्रिसम, वय ४०, मर्क्युरी आणि जेमिनी या दोन्ही यानांतून अंतराळात जाऊन आलेले. मधल्या आसनावर ३६ वर्षांचे एड व्हाइट, अंतराळात यानाबाहेर पडलेले पहिले अमेरिकी. उजवीकडे रॉजर चॅफी, वय ३१. ही त्यांची पहिलीच मोहीम असणार होती.

त्या दिवशीच्या चाचणीत यानाला बाहेरून जोडलेल्या वीजवाहिन्या काढून टाकायच्या होत्या आणि यान स्वतःच्या विजेवर चालतं का ते पाहायचं होतं. म्हणजे हा दिवस वायरिंगच्याच परीक्षेचा होता.

दुपारी १:२० : उरले ५ तास ११ मिनिटे

ग्रिसमना प्राणवायूत आंबूस वास आला. गणती थांबवून हवेचे नमुने घेतले गेले. त्यात काही निघालं नाही आणि पुढे चौकशीतही या वासाचा आगीशी संबंध लागला नाही. सुमारे सव्वा तास गेला. २:४२ ला गणती पुन्हा सुरू झाली.

वास आला म्हणून काम थांबलं, हे योग्यच झालं. ज्या खुणा माणसाच्या नाकाला, कानाला किंवा मीटरच्या काट्याला कळतात, त्यांच्यासाठी थांबायची शिस्त तिथे होती. सोललेल्या आवरणाला वास नसतो.

दुपारी २:४५ : उरले ३ तास ४६ मिनिटे

झाकणं बसवायला सुरुवात झाली. एकावर एक तीन झाकणं होती. सगळ्यात आतलं झाकण आतल्या बाजूला उघडणारं होतं. अगदी उत्तम परिस्थितीतही बाहेर पडायला किमान ९० सेकंद लागत.

मग यानात शुद्ध प्राणवायू भरला गेला. त्याचा दाब चौरस इंचाला १६.७ पौंड होता, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २ पौंड जास्त. आपण श्वासात घेतो त्या हवेत जेवढा प्राणवायू असतो, त्याच्या पाचपटीहून अधिक प्राणवायू त्या बंद खोलीत कोंडला गेला. आत नायलॉनची जाळी होती आणि वस्तू चिकटवून ठेवायला ठिकठिकाणी व्हेल्क्रो लावलेलं होतं. साध्या हवेत सावकाश जळणाऱ्या या वस्तू अशा प्राणवायूत भडका घेतात.

या क्षणापासून त्या यानात एका ठिणगीलाही माफी नव्हती.

संध्याकाळी ५:४० : उरली ५१ मिनिटे

बोलणंच नीट ऐकू येत नव्हतं. ग्रिसम यांचा मायक्रोफोन चालूच राहत होता, बंद होत नव्हता. यान, नियंत्रण कक्ष आणि पॅडजवळची इमारत यांच्यातला संपर्क सारखा तुटत होता. दोन-तीन इमारतींमध्ये बोलता येत नसेल तर आपण चंद्रावर कसे जाणार, अशा अर्थाचा ग्रिसम यांचा वैतागही नोंदला गेला आहे. गणती पुन्हा थांबवण्यात आली.

संध्याकाळी ६:२० : उरली ११ मिनिटे

यान स्वतःच्या विजेवर नेण्याआधीची सगळी कामं पूर्ण झाली होती. गणती 'उणे १० मिनिटं' वर थांबलेली होती आणि संपर्क सुधारण्याची खटपट सुरू होती. पॅडवर अग्निशमन पथक तैनात नव्हतं, डॉक्टर जवळ नव्हते. इंधन नाही तर आग कशाला लागेल, असा तो हिशेब होता. बंद खोलीत प्राणवायू, जळण्याजोग्या वस्तू आणि चालू विजेच्या तारा एकत्र आहेत, हे त्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

६:३०:५४ : उरले १० सेकंद

यानातल्या एका वीजवाहिनीचा दाब क्षणभर वर गेला. नोंदयंत्रावर एक लहानशी उसळी उमटली. पाच महिन्यांत तारांनी विजेच्या भाषेत दिलेला हा बहुधा पहिला आणि शेवटचा इशारा. दहा सेकंदांत तो वाचून कुणी काही करू शकत नव्हतं.

६:३१:०४

रेडिओवर आवाज आला : आग. मागोमाग दुसरा आवाज, यानात आग लागल्याचा. टीव्हीच्या पडद्यावर यानाच्या खिडकीत ज्वाळा दिसल्या.

अशा वेळी कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं. आतलं झाकण उघडायचं काम व्हाइट यांचं, त्यांना मदत ग्रिसम यांची, आणि रेडिओ सांभाळायचं काम चॅफी यांचं. पण आगीने आतला दाब वाढवला होता. आतल्या बाजूला उघडणारं झाकण त्या दाबाने चौकटीवर इतकं घट्ट बसलं की माणसाच्या ताकदीने ते उघडणं शक्यच नव्हतं.

६:३१:१९ : १५ सेकंदांनंतर

आतला दाब चौरस इंचाला सुमारे २९ पौंडांवर गेला आणि यानाचं कवच फाटलं. ज्वाळा आणि धूर बाहेर फेकले गेले. थोड्याच क्षणांत रेडिओ बंद पडला.

पॅडवरचे कामगार यानाकडे धावले. त्यांचे मुखवटे अशा धुरासाठी बनवलेले नव्हते. वर बसवलेलं बचाव-रॉकेट पेटलं तर कुणीच वाचणार नाही हे माहीत असूनही ते पुन्हा पुन्हा आत शिरले. त्यांच्यापैकी २७ जणांवर धुरामुळे नंतर उपचार करावे लागले.

६:३६ : पाच मिनिटांनंतर

तिन्ही झाकणं निघाली. तिघांपैकी कुणीही जिवंत नव्हतं. मृत्यूचं कारण होतं विषारी वायूंनी झालेला श्वासरोध. चॅफी त्यांच्या आसनावरच होते, रेडिओच्या जागी.

५ एप्रिल १९६७ : दहा आठवड्यांनंतर

लँग्ली संशोधन केंद्राचे संचालक फ्लॉइड थॉम्पसन यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने अहवाल दिला. मंडळाने यानाचा एकेक भाग सुटा केला होता आणि तुलनेसाठी त्याच घडणीचं दुसरं यानही उलगडून पाहिलं होतं. वायरिंगबद्दल त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं. आराखडा, निर्मिती, बसवणूक, नंतरच्या दुरुस्त्या आणि गुणवत्ता तपासणी या प्रत्येक पायरीवर चुका झाल्या होत्या. म्हणजे दोष एखाद्या कामगाराच्या हातून सुटलेल्या एखाद्या तारेचा नव्हता. तारा कुठून न्यायच्या, कशाने झाकायच्या, कुठे आवळायच्या आणि दुरुस्तीनंतर पुन्हा कोणी बघायच्या, याची जबाबदारीच कुठे नीट बसलेली नव्हती.

पुढे 'अपोलो-१' हे नाव या तिघांसाठी राखून ठेवण्यात आलं. यानाची फेररचना झाली. पटकन, बाहेरच्या बाजूला उघडणारं एकच झाकण आलं; उड्डाणाच्या वेळी आत ६० टक्के प्राणवायू आणि ४० टक्के नायट्रोजन असं मिश्रण आलं; जळणारं सामान काढलं गेलं. तारांच्या जुड्यांवर संरक्षक आवरणं आली, म्हणजे दाराची कड, हत्यार किंवा बूट थेट तारेपर्यंत पोचणार नाही. आगीनंतर सुमारे साडेवीस महिन्यांनी, ११ ऑक्टोबर १९६८ ला, अपोलो-७ माणसांना घेऊन उडालं आणि सुखरूप परतलं. त्या यानात तेच तिघे होते जे ग्रिसम यांच्या चमूचे राखीव अंतराळवीर होते.

२३ जुलै १९९९ : ३२ वर्षांनंतर, उड्डाणानंतर ५ सेकंद

धडा शिकला गेला होता, तरी तार पुन्हा घासलीच. आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली 'कोलंबिया' शटल आकाशात झेपावलं. आत चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण होती, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. पाचव्या सेकंदाला एका वीजवाहिनीत शॉर्ट सर्किट झालं आणि तीनपैकी दोन मुख्य इंजिनांचे एकेक नियंत्रक बंद पडले. प्रत्येक इंजिनाला दुसरा नियंत्रक होता, म्हणून यान तरलं.

उतरल्यावर शोध घेतला तेव्हा सामानकक्षाखालून जाणारी एक तार सापडली. ती एका स्क्रूच्या माथ्यावर टेकत होती आणि त्या माथ्याची कड खरखरीत राहिली होती. वर्षानुवर्षांच्या उड्डाणांचा थरथराट आणि देखभालीच्या वेळचा धक्का यांनी आवरण झिजवलं होतं. सगळ्या शटलांची उड्डाणं थांबवून वायरिंग तपासण्यात आलं. ठिकठिकाणी झिजलेली आवरणं सापडली. ती दुरुस्त झाली, तारांवर खाचेदार लवचीक नळ्या चढवल्या गेल्या, टोकदार कडा झाकल्या गेल्या. पुढचं शटल उडायला डिसेंबर उजाडला.

दोन्ही घटनांत फरक पडला तो दुसऱ्या नियंत्रकामुळे आणि भोवतालच्या हवेमुळे. तारेने दोन्ही वेळा बहुधा तेच केलं.

आता, आपल्या गाडीत

यान असो, एसटी असो की दारातली मोटारसायकल, तारेचं नुकसान व्हायला दोन गोष्टी पुरतात : हलायला मोकळीक आणि घासायला कड. बांधणीचं सगळं शास्त्र या दोन गोष्टी तोडण्यात आहे.

कड तोडायची म्हणजे पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. इंजिनाजवळ आणि चाकांच्या वर खाचेदार नळी किंवा स्लीव्ह हवी. धातूची क्लिप वापरली तर तिला आतून रबराचं अस्तर हवं. केबल-टायचं कापलेलं टोक बोटाला बोचत असेल तर ते शेजारच्या तारेलाही बोचणार.

मोकळीक तोडायची म्हणजे जुडी ठरावीक अंतरावर आवळायची आणि जोडाच्या अगदी जवळ एक आधार द्यायचा, म्हणजे थरथर थेट टोकावर जात नाही. पण इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं आणि चेसिस डोलत नाही. तिथे दोन्ही बाजूंना पक्की बांधणी करून मध्ये थोडा झोल ठेवावा लागतो. ताणून बसवलेली तार तुटते आणि मोकाट सोडलेली घासते. इंधनाच्या किंवा ब्रेकच्या नळीला तार कधीच बांधायची नाही. गाडीत एकसंध तारेऐवजी अनेक बारीक धाग्यांची तार वापरतात आणि टोकाला दाबून बसवलेला लग लावतात. डाग दिलेली तार डागाच्या शेवटी ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच मोडते.

आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. तो तारेचं घासणं थांबवत नाही, पण घासून झालेल्या शॉर्टची आग होण्याआधी वीज तोडतो. नव्या हॉर्नसाठी, जादा दिव्यांसाठी किंवा म्युझिक सिस्टीमसाठी जुन्या वायरिंगला छेद देऊन, वर टेप गुंडाळून, फ्यूज न लावता तार ओढणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. ०१२ या यानात जे ६२३ आदेशांनी केलं, तेच आपण गाडीत एकेका हौसेपायी करत असतो : आखून बसवलेल्या जुडीवर बिनआखलेली भर.

म्हणून गाडी कामाला टाकाल तेव्हा एकच प्रश्न आवर्जून विचारा : नवी तार कुठून नेली आणि कुठे बांधली? 'दिवा लागतोय ना' एवढ्या उत्तरावर गाडी ताब्यात घेऊ नका. लाँच कॉम्प्लेक्स ३४ वरही ६:३०:५४ पर्यंत सगळे दिवे लागतच होते. बॉनेट उघडा, जुडीवरून हात फिरवा, ती जिथे पत्र्याला टेकते तिथे बोट थांबवा, आणि जिथे आवरण झिजून पातळ झालंय तिथे त्याच दिवशी स्लीव्ह आणि क्लिप लावून घ्या. हे काम काही रुपयांत आणि काही मिनिटांत होतं, आणि ठिणगीच्या आधी करता येण्याजोगं दुसरं काम नाही.